वाचकांचे प्रश्न: डेमोत दिसतं ते आणि हातात पडतं ते

सोलापुरात चिंचोळीपासून अक्कलकोट रोडपर्यंतच्या कारखान्यांत सध्या कुणीतरी एन्टरप्राइज ॲसेट मॅनेजमेंटचं, म्हणजे ईएएमचं (मशीनची दुरुस्ती, सुटे पार्ट आणि तपासण्या यांच्या नोंदी ठेवणारं), सॉफ्टवेअर विकत फिरतंय, असं यावेळच्या पत्रांवरून दिसतं. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. रॅपिअर माग, थोडे एअरजेट, प्रोसेस हाउस, बॉयलर. मेंटेनन्स माझ्याकडे. मालकांच्या मुलाने पुण्यात डेमो पाहिला आणि आता ईएएम घ्यायचंच म्हणतात. विकणारा सांगतो, ब्रेकडाउन निम्मे होतील. आमच्याकडे लॉगबुक आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याहून जास्त काय मिळणार?
— मेंटेनन्स इनचार्ज, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : निम्मे होतील हे डेमोतलं वाक्य डेमोतच राहू द्या. सॉफ्टवेअर ग्रीस मारत नाही आणि रॅपिअरचा टेप झिजायचा तेव्हा झिजतोच. तुम्हाला जे मिळेल ते मालकापुढे ठेवायला कागद, आणि मेंटेनन्सवाल्याला आयुष्यभर तोच कमी पडतो.

लॉगबुक तारखेवार लिहिलेलं असतं. तुमचा प्रश्न मात्र मशीनवार असतो. 14 नंबरच्या मागाने वर्षभरात किती तास खाल्ले, किती रुपयांचे पार्ट खाल्ले, आणि दर वेळी कारण तेच होतं का? लॉगबुकात हे सगळं आहे, पण ते काढायला कुणीतरी रविवारभर बसायला हवं, आणि तसं कुणी बसत नाही. व्हॉट्सॲपवर तर फोटो येतो, दोन अंगठे येतात आणि फोन बदलला की इतिहास संपला. ईएएममध्ये प्रत्येक काम एका मशीनच्या नंबरला बांधलेलं असतं. बंद कधी पडलं, चालू कधी झालं, कुणी केलं, कोणता पार्ट गेला, कारण काय, हे सगळं त्या कामाच्या स्लिपवर. मालक म्हणाले, ‘हा माग अजून वर्षभर ओढा’, तर तुम्ही त्यांना आकडा दाखवू शकता.

आपल्याकडचंच उदाहरण देतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बऱ्याच ड्राइव्हना पॅनेलच्या आतलं तापमान 40-50 अंशांपुढे गेलं की पूर्ण भार झेपत नाही. दर उन्हाळ्यात ट्रिपिंग होतं, इलेक्ट्रिशियन रिसेट मारतो, पावसाळा आला की सगळे विसरतात. नोंदी मशीनवार आणि महिन्यावार लावल्या की तेच चार पॅनेल पुन्हा पुन्हा वर येतात. मग पॅनेलचा पंखा आणि फिल्टर मार्चमध्येच बदलायचं काम आपोआप निघेल असं लावून ठेवता येतं. डेमोत हे कुणी दाखवणार नाही, कारण दिसायला त्यात काही नाही.

दुसरी मिळकत स्टोअरमध्ये, आणि मला विचाराल तर पैसा सगळ्यात आधी तिथे सुटतो. एकच 6205 बेअरिंग रजिस्टरमध्ये तीन नावांनी पडलेलं असतं. शिवाय बेअरिंगच्या नंबरापुढचं झेडझेड म्हणजे पत्र्याची शील्ड आणि टू-आरएस म्हणजे रबरी सील. मागाखाली, जिथे रुईची धूळ उडते, तिथे हा फरक मोठा आहे. पण स्टोअरकीपरच्या लेखी दोन्ही ‘6205’च. सॉफ्टवेअर भरण्याच्या निमित्ताने ही यादी एकदा नीट होते. कमीत कमी किती ठेवायचे, किती उरले की मागवायचे, कुठल्या मशीनला कुठलं लागतं, हे ठरतं. रातपाळीत मशीन उभं आणि पार्ट स्टोअरमध्येच पडलेला, फक्त सापडत नाही, हा आपल्याकडचा जुना आजार त्याने बराच कमी होतो. एक सांगतो, यादी साफ न करता जुनंच एक्सेल आत ओतलं तर तोच गोंधळ फक्त महाग होईल.

तिसरी गोष्ट तारखांची. बॉयलरचं प्रमाणपत्र, सेफ्टी व्हॉल्व्ह, एअर रिसीव्हरची आणि होइस्टची तपासणी, वजनकाट्याचं मुद्रांकन. या सगळ्या तारखा आज एका माणसाच्या डोक्यात असतात. तो लग्नाला गावी गेला की कारखान्याचं डोकंही गावी जातं. सॉफ्टवेअरमध्ये घातल्या की आठवण त्या माणसावर अवलंबून राहत नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेची गळती घ्या. 7 बारला 3 मिलिमीटरचं भोक म्हणजे कॉम्प्रेसरवर साधारण 3 किलोवॉटचा फुकट भार, दिवसरात्र चाललं तर दिवसाला 72 युनिट. गळती सॉफ्टवेअरला ऐकू येत नाही. ती रविवारी माग बंद असताना कानानेच शोधायची. पण सापडलेल्या तीस ठिकाणांपैकी बावीस बंद झाली आणि आठ राहिली, हे पुढच्या रविवारी कुणाला आठवतं? ते आठ उघडे जॉब स्क्रीनवर टोचत राहतात.

‘मशीन बिघडण्याआधीच सांगेल’ या भागासाठी आत्ता पैसे देऊ नका. कॉम्प्रेसर, बॉयलरचा फीड पंप, आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढणारा पंखा) यांना व्हायब्रेशन सेन्सर लावणं पुढे परवडेल. प्रत्येक मागाला नाही. आणि मॅक्सिमो किंवा सॅप ही फताटेवाडीच्या 1,320 मेगावॅटच्या वीज केंद्राएवढ्या पसाऱ्याला शोभणारी पॅकेजं आहेत. तुम्हाला काम, वेळापत्रक आणि स्टोअर एवढंच सांभाळणारं छोटं, ज्याला सीएमएमएस म्हणतात ते, पुरेल. ईआरपीनेक्स्ट, ओडू या धंद्याचा हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरांतही मेंटेनन्सचा भाग असतो. बिलिंगला आधीच त्यातलं काही वापरत असाल तर आधी तेच उघडून बघा.

प्रश्न : आमचा साखर कारखाना आहे. सॉफ्टवेअरवाला प्रत्येक मशीनला दर महिन्याचं, दर तीन महिन्यांचं वेळापत्रक लावतोय. हंगामात मिल कशी थांबवणार?
— इंजिनिअरिंग विभागातून, माढा तालुका

उत्तर : थांबवू नका, त्यालाच थांबवा. ऊस कुटणाऱ्या फायब्रायझरचे हातोडे आणि मिलच्या रोलरचे दात कॅलेंडरने झिजत नाहीत, गाळलेल्या उसाने झिजतात. कोणत्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मीटरवर चालणारं वेळापत्रक असतं, तिथे तारखेऐवजी टन किंवा चालू तास घाला. मिल काही कारणाने थांबली की त्या थांब्यात उरकायच्या कामांची यादी वेगळी तयार ठेवा. सॉफ्टवेअर तुम्हाला खरं उपयोगी पडेल ते तिथे आणि ऑफ-सीझनला. हंगामात फिटरने ‘आत्ता चालवलं, नंतर बघू’ म्हणून सोडलेली प्रत्येक गोष्ट जर तेव्हाच नोंदली असेल, तर एप्रिलमध्ये ओव्हरहॉलचं बजेट मांडताना अंदाजपंचे आकडे टाकावे लागत नाहीत आणि संचालक मंडळही लवकर ऐकतं.

सरसकट ‘दर अमुक महिन्यांनी बदला’ या पद्धतीवर पहिला मोठा घाव विमानवाल्यांनी घातला. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी 1978 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी पाहिलेल्या विमानाच्या भागांपैकी 89 टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही फायदा नव्हता. मिल म्हणजे विमान नव्हे, घासणारे भाग आपल्याकडे जास्त. पण चांगलं चाललेलं गिअरबॉक्स ‘वेळ झाली’ म्हणून उघडायच्या आधी तेल तपासून घ्यावं, एवढं त्यावरून नक्की घेता येतं.

प्रश्न : आमचे निम्मे जॉबर (माग लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर) घरी तेलुगू बोलतात, इंग्रजी स्क्रीन बघून मोबाइल खिशात घालतात. नोंदी कोण करणार?
— सुपरवायझर, चादर कारखाना

उत्तर : शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) जॉबरला मागाच्या आवाजावरून दोष कळतो, त्याच्याकडून निबंध मागू नका. प्रत्येक मागावर क्यूआर कोडची पट्टी लावा. स्कॅन केलं की मागाचा नंबर आपोआप यावा, कारणाला सात-आठ चित्रांची बटणं असावीत, बाकीचं तेलुगूत बोलून रेकॉर्ड करता यावं. डेमोला मालकाबरोबर एका जॉबरलाही बसवा. त्याला पाच मिनिटांत एक तक्रार टाकता आली नाही, तर विकणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. कारणांच्या यादीत ‘इतर’ हे बटण सगळ्यात शेवटी ठेवा, नाहीतर वर्षाअखेर सगळे माग ‘इतर’नेच बंद पडलेले दिसतील.

प्रश्न : आम्ही फिटर. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली हे आता मोबाइलवर दिसणार म्हणे. हे आमच्यावर पाळत ठेवायला आणलंय का?
— तीन सह्यांचं पत्र, चिंचोळी एमआयडीसी

उत्तर : ही मिनिटांची नोंद तशी वापरली तर पाळतच आहे. मालकवर्गाने हे वाचावं म्हणून लिहितो: दुरुस्तीच्या मिनिटांवर फिटरचा इन्सेंटिव्ह किंवा दंड बांधलात, की पाळी संपताना सगळे जॉब एकदम बंद केले जातील, तेही सोयीच्या वेळा टाकून, आणि पैसे मोजून घेतलेली माहिती वाया जाईल. तुम्हा तिघांना सांगतो, कामाची वेळ आणि पार्टची वाट बघण्याची वेळ वेगवेगळी नोंदवता येते का, हे पहिल्याच बैठकीत विचारा. बहुतेक पॅकेजांत ती सोय असते, फक्त कुणी चालू करत नाही. ती चालू झाली की दोन तासांच्या दुरुस्तीत तुमचे हात किती वेळ चालले आणि स्टोअरच्या खिडकीशी किती वेळ गेला, हे तुम्हालाही दाखवता येईल.