ग्रेडिंगच्या लेबलवर ‘एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड’ म्हणजे काय? माझा 1862 चा व्हिक्टोरिया रुपया खोटा आहे का?

नाही, नाणं अस्सल आहे. खोट्याला एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा (ग्रेड) ठरवणाऱ्या कंपन्या अशी ग्रेड देतच नाहीत. ‘एक्सएफ’ म्हणजे झीज थोडीच; राणीचा मुकुट, कपड्यांवरची नक्षी बरीचशी शाबूत. एरवी 70 पैकी 40 किंवा 45 असा आकडा मिळाला असता. पण पृष्ठभागाला कुणीतरी हात लावलाय, म्हणून आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ आणि पुढे कारण.

‘क्लीन्ड’ म्हणजे घासून किंवा रसायनाने साफ केलेलं. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करा: मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि चमक प्रकाशाबरोबर फिरत नाही, सपाट वाटते. आपल्याकडच्या रुपयांवर ‘माउंट रिमूव्हड’ही दिसतं, कारण कडी डाखवून ते गळ्यातल्या माळेत ओवले जायचे, कडी काढली तरी कडेला डाखाची खूण राहते.

भाव साफ न केलेल्या एक्सएफ नाण्यापेक्षा कमीच येणार. पण कृपा करून चिंच, पितांबरी लावू नका! घासलेला पृष्ठभाग परत येत नाही, आणि काळपट पापुद्रा हा संग्राहकाला हवासाच असतो.