‘याला जादू म्हणत नाहीत’: एका जादूगार बाप-लेकीचा वाद

“मुलगी आमच्याच कलेत आली म्हणून आनंद मानायचा, की तिने त्या कलेचं जे करून ठेवलंय त्यावर रडायचं?” हा प्रश्न एका आईने मला विचारला, तोही नवऱ्याच्या वतीने. नवरा व्यवसायाने जादूगार, मुलगीही जादूगार, आणि घरात दोघांचं बोलणं बंद. मी समुपदेशक; गाणाऱ्यांच्या, नाचणाऱ्यांच्या, नाटकवाल्यांच्या घरांतूनही हाच प्रश्न माझ्याकडे येत असतो. म्हणून या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

वडील मोठ्या रंगमंचावरचे जादूगार. काळा कोट, पांढरे हातमोजे, संगीताच्या तालावर उघडणाऱ्या पेट्या, दोन-अडीच तासांचा प्रयोग. मुलगी लहानपणापासून त्यांची सहायक. पेटीत शिरायची ती तीच. आता ती रोजच्या कपड्यांत, चार-पाच माणसांसमोर, हातभर अंतरावरून नाण्यांचे आणि पत्त्यांचे प्रयोग करते. त्यांचे मिनिटभराचे व्हिडिओ टाकते. वडील म्हणतात, “याला जादू म्हणत नाहीत.” मुलगी म्हणते, “तुमचा प्रयोग आता बघतं कोण?” या दोन वाक्यांपुढे त्यांचं भांडण कधी गेलंच नव्हतं. जाणार तरी कसं? पहिल्या वाक्यात मुलीला ‘तू माझी नाहीस’ असं ऐकू येत होतं आणि दुसऱ्यात वडिलांना ‘तुमचं आयुष्य वाया गेलं.’

‘दर्जा घसरला’ ही तक्रार कुणी आणली की मी आधी तिची फोड करायला लावते. नेमकं काय घसरलं? पोशाख, बोलणं, सराव, की सचोटी? रागाच्या भरात हे सगळं एकच वाटतं.

वडिलांनी पोशाखापासून सुरुवात केली आणि स्वतःच थबकले. त्यांना त्यांच्या कलेचा इतिहास चांगला ठाऊक होता. पॅरिसमध्ये रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराने 1845 मध्ये आपलं थिएटर उघडलं, त्या काळात अनेक जादूगार मांत्रिकाच्या घोळदार झग्यात वावरायचे. रोबेर-उदँने तो थाट टाकला आणि प्रेक्षक संध्याकाळी जो पोशाख घालून येत, तोच घालून तो उभा राहिला. वडिलांचा काळा कोट तिथूनच चालत आलेला. हे सांगता सांगता ते मुलीच्या टी-शर्टकडे बघून गप्प झाले. मुलीने लगेच भर घातली की 1974 मध्ये डग हेनिंग या जादूगाराने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर लांब केस ठेवून, जीन्समध्ये जादू केली होती. मी तिला थांबवलं. माणूस स्वतःहून एक पाऊल मागे घेत असताना वरून धक्का द्यायचा नसतो. पोशाखाचा मुद्दा त्यानंतर निघाला नाही.

मग खरी तक्रार बाहेर आली. “मी माणसांच्या डोळ्यांदेखत फसवतो. ही कॅमेऱ्याच्या आड फसवते. मधे कापायचं, जोडायचं, झाली जादू.”

मुलगी उसळली. “हे तर मेलिएसने पण केलं!” तिचं खरं होतं. जॉर्ज मेलिएस हा जादूगारच. रोबेर-उदँचं ते थिएटर त्याने 1888 मध्ये विकत घेतलं आणि 1896 मध्ये खुर्चीतली बाई गायब करण्याचा प्रयोग चित्रित केला. रंगमंचावर त्यासाठी वेगळी करामत लागायची, त्याने चित्रण मधेच थांबवून तीच गोष्ट साधली. वडील म्हणाले, “केलं ना. पण त्याचा त्याने सिनेमा केला.”

यावर मुलगी जे बोलली ते वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. “पण बाबा, मी कापतच नाही. माझा प्रत्येक व्हिडिओ एका दमात घेतलेला असतो. बिघडला तर पहिल्यापासून. हे तुमच्याकडूनच तर घेतलंय.”

वडिलांनी तिचा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. आणि आपण हा नियम पाळतो, हे तिनेही कधी सांगितलेलं नव्हतं. बाबांना कळत असणारच, असं ती धरून चालली होती. घरोघरी हेच होतं. ज्यांच्या कामावर आपण सगळ्यात कडक निकाल देतो, त्यांचं काम आपण अनेकदा बघितलेलंच नसतं, आणि ज्यांच्या शाबासकीसाठी जीव टाकतो त्यांना ते दाखवत नाही.

मी तिला म्हटलं, एक दाखव. वडिलांनी फोन हात लांब करून धरला. नाणं उजव्या हातातून डाव्यात जातं, मूठ मिटते, उघडते, रिकामी. “परत लाव.” पुन्हा पाहिलं. “परत.” मग म्हणाले, “नाणं दिल्यावर तू क्षणभर उजव्या हाताकडे बघतेस. फोनवर खपून जाईल. समोरच्याला कळेल.”

त्यांनी तिच्याकडून नाणं मागून घेतलं. हातांवर वय दिसत होतं, बोटं थोडी जाड झालेली. उजव्या हातातलं नाणं डाव्यात ठेवल्यासारखं केलं आणि त्यांची नजर, हनुवटी, अगदी खांदासुद्धा डाव्या मुठीच्या मागे गेला. उजवा हात सहज खुर्चीच्या दांड्यावर जाऊन पडला. नाणं उजव्यातच आहे हे मला माहीत होतं, तरी मी डाव्या मुठीकडेच बघत राहिले.

मानसशास्त्रात याचा अभ्यास झालेला आहे म्हणून थोडं विषयांतर करते. चेंडू दोनदा वर फेकायचा आणि तिसऱ्यांदा नुसतं फेकल्याचं नाटक करायचं. बऱ्याच जणांना तो न फेकलेला चेंडू वर जाताना दिसतो. नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने 1900 मध्ये या प्रयोगावर लिहिलं होतं. पुढे 2006 मध्ये कून आणि लँड या संशोधकांनी दाखवलं की जादूगाराची नजर चेंडूच्या कल्पित वाटेने वर गेली तर हा भास जास्त लोकांना होतो, आणि हातावर राहिली तर कमी होतो. वडिलांनी हे काही वाचलेलं नव्हतं. ते त्यांच्या अंगात होतं.

मुलीने फोन बाजूला ठेवला. “पुन्हा करा.” पुढचा बराच वेळ मला काही बोलावं लागलं नाही. घरी काय करायचं असं आईने विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं: मत द्यायचं नाही, एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची, आणि तीही पूर्ण बघून झाल्यावर. शिवाय आईने निरोप्याचं काम सोडायचं. ‘बाबा म्हणत होते’, ‘ती म्हणाली’ हे बंद.

एवढ्यावर सगळं मिटलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पुढच्या एका भेटीत करवतीच्या पेटीचा विषय निघाला. माणूस पेटीत, पेटीवर करवत. हा प्रयोग सेल्बिट या जादूगाराने 1921 मध्ये लंडनमध्ये जाहीरपणे केला, तेव्हापासून पेटीत बहुतेक वेळा बाईच असते. वडिलांच्या प्रयोगाचा तो कळस. तो मुलीने पुढे चालवावा ही त्यांची इच्छा, आणि तिचा साफ नकार. वडिलांना ते जिव्हारी लागलं होतं. “तुला कधी साधं खरचटू तरी दिलं का मी?”

“खरचटायचा प्रश्न नाही, बाबा. पेटीत काम मी करत होते. घडी होऊन, श्वास धरून, तालावर. टाळ्या बाहेर उभं असलेल्याला मिळायच्या.”

“पेटीतलं काम किती कठीण, हे मला माहीत नाही?”

“तुम्हाला माहीत आहे. लोकांना कधी सांगितलंत?”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. सांगणार तरी कसे होते? सहायकाचं कसब सांगायचं तर गुपित फुटतं. गुपित पाळणं ही त्यांच्या लेखी या धंद्यातली पहिली सचोटी, आणि तिच्याचमुळे त्यांची मुलगी इतकी वर्षं कुणाला दिसलीच नव्हती. बायकांना या कलेत असंच आडोशाला ठेवलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. लंडनची ‘मॅजिक सर्कल’ ही जादूगारांची नामांकित संस्था 1905 ची, तिने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते 1991 मध्ये. टी-शर्ट, हातभर अंतर, मोबाइल हे सगळं मुलीने का निवडलं ते मला इथे उमगलं. तिच्या प्रयोगात हात तिचे दिसतात, चेहरा तिचा दिसतो.

वडिलांचं दुःखही खरं होतं आणि ते बोलून दाखवायला त्यांना आणखी वेळ लागला. “मग पेट्यांचं काय करायचं?” एवढंच ते म्हणाले. त्यातल्या काही त्यांनी सुताराजवळ बसून, मापं पुन्हापुन्हा बदलून बनवून घेतल्या होत्या. त्यांच्या माघारी त्या कशा चालवायच्या हे कुणाला कळणार नव्हतं. अशा वेळी मुलांना वाटतं की आपल्याकडे होकार मागितला जातोय, म्हणून ती घाईघाईने नकार देतात. थोडं थांबावं. वडिलांना तेव्हा आधी कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. मुलीने पेट्या चालवायचं कबूल केलं नाही, पण प्रत्येक पेटीचं काम त्यांच्याकडून समजून घेऊन वहीत लिहून काढायला ती बसली. वडिलांनी प्रत्येक पेटीसमोर सहायकाला काय करावं लागतं तेही लिहायला सांगितलं, आणि हे त्यांना मी सुचवलेलं नव्हतं.

गुपितांवरून मात्र त्यांचं अजून जमत नाही. मुलीने एकदा नवशिक्यांसाठी एक सोपा प्रयोग उघड करून दाखवला होता, वडिलांना तो विश्वासघात वाटतो. हा वाद या दोघांच्या जन्माआधीपासूनचा आहे. मॅजिक सर्कलचे पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट यांच्यावरही गुपितं छापल्यावरून संस्थेने कारवाई केली होती. तेव्हा हा वाद माझ्या खोलीत मिटेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि दोघांनी एकमत व्हावं असा आग्रहही मी धरला नाही. त्यांचं सध्या एवढंच ठरलं आहे: बाबांकडून शिकलेल्या प्रयोगाचं गुपित त्यांना विचारल्याशिवाय उघड करायचं नाही, तिने स्वतः रचलेल्याचं ती बघेल. वडिलांना हे अर्धंच पटलंय. परवा त्यांनी फोन करून विचारलं, तिने रचलेल्या प्रयोगात मूळ युक्ती त्यांची असेल तर तो कुणाचा धरायचा? मी म्हटलं, हे तिला विचारा.