आईला ताकदीच्या गोळ्या देऊ का?

ज्येष्ठांच्या घरच्यांशी बोलण्याचं माझं काम. तिथे वरचेवर विचारला जाणारा प्रश्न आजाराचा नसतो, ताकदीचा असतो. "आई फार थकलीय हो, एखादं मल्टिव्हिटॅमिन चालू करू का?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. व्हिटॅमिनच ते, त्याने काय नुकसान होणार!

असंच विचारणाऱ्या एक ताई शाळेत शिक्षिका, वय पन्नाशीच्या पुढे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई ७९ वर्षांची. मधुमेह जुना, थायरॉईड कमी, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दीडच्या आसपास, म्हणजे वाढलेलं. भाऊ अमेरिकेत. तो दर खेपेला कोणाबरोबर तरी 'पन्नाशीपुढच्या बायकांसाठी'च्या मोठ्या बाटल्या पाठवायचा. ताईंचं म्हणणं असं, "मॅडम, आई हल्ली जेवत नाही, दिवसभर पेंगते, पोट साफ होत नाही. दादा म्हणतो, डोस वाढव. नाही वाढवला आणि उद्या काही झालं, तर तो मलाच विचारणार."

खरी काळजी या शेवटच्या वाक्यात होती. जवळ राहून करणारी बहीण आणि लांबून पाठवणारा भाऊ, दोघांच्या मधल्या हिशेबात ती बाटली येऊन बसली होती. पण त्यावर बोलण्याआधी मी एकच सांगितलं: घरात आईच्या नावाने जे जे आहे ते सगळं एका पिशवीत भरून आणा. डॉक्टरांनी दिलेलं, मेडिकलमधून परस्पर घेतलेलं, शेजारच्या काकूंनी सुचवलेलं, सगळं.

पिशवी आली आणि आजीही आल्या. टेबलावर मांडायला घेतलं तर जागा पुरेना. शुगरच्या, थायरॉईडच्या, हृदयाच्या गोळ्या तर होत्याच. शिवाय कॅल्शियमच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिप्स, अमेरिकेची बाटली, आणि व्हिटॅमिन डीचे ६०,००० युनिटचे पाऊच. पाऊच आठवड्याला एक, असं आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेलं होतं. चिठ्ठी मागच्या वर्षीची. मेडिकलवाला ओळखीचा, तो देत राहिला, आणि ताई दर रविवारी दुधातून देत राहिल्या.

मी विचारलं, "आजी, सकाळी काय काय घेता?"

"उठल्यावर चहाबरोबर सगळ्या एकदम. मोकळं व्हायचं एकदाचं," आजी म्हणाल्या. "मग भूक कुठली लागायला? गोळ्यांनीच पोट भरतं."

मी डॉक्टर नाही. औषध चालू किंवा बंद करणं माझ्या अखत्यारीत येत नाही. पण काय विचारायला हवं, हे कळण्याइतकी वर्षं या कामात गेली आहेत. आम्ही मिळून एका कागदावर प्रश्न लिहिले आणि तो कागद, पिशवीसकट, त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनकडे पाठवला. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, असंही बजावलं. अमेरिकेच्या गोळीत व्हिटॅमिन के होतं. आजींची रक्त पातळ करणारी गोळी वॉरफॅरिनच्या प्रकारातली, ती याच व्हिटॅमिनच्या विरोधात काम करते. त्यामुळे ते अचानक सुरू झालं तर गोळीचा असर कमी पडू शकतो, आणि अचानक थांबलं तर तीच मात्रा जास्त होऊन रक्तस्रावाचा धोका येतो. दोन्ही वेळा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. 'काही नाही, व्हिटॅमिनच आहे' म्हणून हे डॉक्टरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम वाढलेलं निघालं. वर्षभराचं व्हिटॅमिन डी, वर दोन-दोन कॅल्शियम, आणि जादाचं बाहेर टाकायला किडनीत पुरेसा जोर नाही. भूक मरणं, बद्धकोष्ठ, गुंगी हे सगळं वाढलेल्या कॅल्शियमने होऊ शकतं. म्हणजे जो थकवा घालवायला डोस वाढवायचा, तो थकवा डोसनेच आणलेला असण्याची शक्यता होती. चोरालाच वाड्याची राखण सांगावी, तशातला प्रकार. डीचे पाऊच आणि कॅल्शियम थांबलं. अमेरिकेची बाटलीही थांबली, पण आयएनआरवर लक्ष ठेवून.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा नंतर, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी. नाहीतर ती नीट शोषली जात नाही. आजींचा थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेला का, याचंही उत्तर बहुधा त्या चहाच्या कपात होतं.

आता गंमत बघा. एवढ्या गोळ्यांत जे खरंच कमी होतं ते पुरेसं मिळतच नव्हतं. आजी शाकाहारी, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. या औषधाने बी१२ नीट शोषलं जात नाही. तळपायाला मुंग्या येतात, असं त्या सांगायच्या. घरचे म्हणायचे, शुगरमुळे असेल. तपासणीत बी१२ बरंच खाली निघालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने डॉक्टरांनी स्नायूतलं इंजेक्शन टाळून तोंडाने घ्यायची १००० मायक्रोग्रॅमची गोळी दिली. म्हणून 'व्हिटॅमिन्स वाईट' असा निष्कर्ष कोणी काढू नये. कमी आहे ते तपासून द्यावं, मोजून द्यावं, आणि कधी थांबायचं ते त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

जाता जाता एक. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं बी गटातलं व्हिटॅमिन बऱ्याचदा भरपूर असतं. त्याने थायरॉईडचे आणि हृदयविकाराच्या तपासणीचे रिपोर्टसुद्धा चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तपासणीसाठी रक्त द्यायला जाताना अशी गोळी चालू असेल तर लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगाच.

राहिला भाऊ. त्याच्याशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. आधी चिडला. "मी एवढ्या लांबून दुसरं काय करू शकतो?" म्हणाला. प्रश्न रास्त होता. ज्याला आईचे पाय चेपता येत नाहीत तो बाटली पाठवतो, त्यात प्रेमच असतं. मी सुचवलं, आईच्या अपॉइंटमेंटला फोनवर हजर राहा, रिपोर्ट स्वतः वाचा, औषधांची यादी तुम्ही सांभाळा. ताईंच्या डोक्यावरचं तेवढं तरी ओझं उतरेल.

ते त्याने मनावर घेतलं. आता यादी तोच ठेवतो, तारखांसकट. आजी चार घास जास्त खातात, दुपारचं पेंगणं कमी झालंय. पायाच्या मुंग्या मात्र अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. नसांना वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले. मागच्या महिन्यात भावाने हळदीच्या कॅप्सूलबद्दल विचारलं, पण पाठवण्याआधी विचारलं. डॉक्टरांनी नको म्हटलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तसला अर्क नको. आमटीतली हळद चालेल.