वीस सेंटिमीटरचे दोन मिलिपीड (पुष्कळ पायांचे लांबट प्राणी) पाळायचेत. त्यांच्या टाकीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि तळाशी विजेवर तापणारी गरम चटई एवढं पुरेल का?

कोकोपीट एकटं पुरणार नाही, आणि चटई तळाशी तर लावूच नका.

वीस सेंटिमीटरचे दोन मिलिपीड म्हणताय, तर टाकीचा तळ निदान 45 बाय 30 सेंटिमीटर हवा. काचेचीच हवी असं नाही, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबाही चालतो. समोरासमोरच्या बाजूंना बारीक भोकं पाडा. काचेच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनला धरून हे प्राणी सहज वर चढतात, त्यामुळे झाकण नुसतं ठेवून भागत नाही.

मेहनत घ्यायची ती आतल्या मातीवर. मिलिपीड त्या मातीत राहतो आणि तीच खातो. कोकोपीटमध्ये त्याच्या पोटाला जवळजवळ काहीच नसतं. वरून काकडी देत राहिलात तरी तो हळूहळू खंगतो. मापाने पाच भाग कुजत आलेली तपकिरी पानं, तीन भाग बोटाने चुरा होईल इतकं कुजलेलं लाकूड आणि दोन भाग कोकोपीट किंवा खत-औषध न मारलेली माती घ्या. दहा लिटर मिश्रणात मूठभर अंड्याच्या टरफलांची पूड मिसळा, कवचाला कॅल्शियम लागतं. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा वर ठेवलात तरी चालेल. पानं-लाकूड रुंद पानांच्या झाडांचं हवं. चीड-देवदारासारख्या राळेच्या झाडांचं नको. फवारणी झालेल्या बागेतला पाचोळा तर अजिबात नको.

थर किमान मिलिपीडच्या लांबीएवढा, म्हणजे तुमच्याकडे 20 सेंटिमीटर. तो कात टाकायला खाली पोकळी करून बसतो. उथळ मातीत ती पोकळी ढासळते आणि कवच मऊ असताना तो दबून मरतो. कित्येक आठवडे दिसला नाही तरी उकरू नका.

ओलावा मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, पाणी निथळू नये. तळाशी पाणी साचलं की माती सडते, आंबूस वास येतो आणि मिलिपीड सगळे वर येऊन बसतात. असं दिसलं तर फवारा थांबवून खालची माती बदला. पांढरी बुरशी मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. स्प्रिंगटेल (मातीत राहणारे, टुणकन उडणारे बारीक जीव) सोडले की ते ती खातात.

बऱ्याच उष्णकटिबंधीय जातींना 22 ते 27 अंश तापमान पुरतं. गरम वाटलं की मिलिपीड खाली जातो, आणि खालीच चटई असेल तर तो भाजतो. लावायचीच तर बाजूच्या भिंतीला, मातीच्या पातळीच्या वर आणि थर्मोस्टॅटसह (ठरलेल्या तापमानाला चटई आपोआप बंद करणारं उपकरण). दिवा नको, माती सुकते.

काकडी, रताळं, भोपळा आठवड्यातून एक-दोनदा द्या आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर माइट (कोळ्याच्या जातीचे अगदी बारीक किडे) आणि चिलटं होतात.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा. घाबरला की तो अंगातून जो द्रव सोडतो त्याने त्वचेवर तपकिरी डाग पडतात, डोळ्यात गेला तर फार झोंबतो.