जुन्या चित्रांची निगा: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

पावसाळा आला की जुन्या चित्रांबद्दलची विचारणा वाढते. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि विचारण्याआधी बऱ्याचदा चित्रावर काहीतरी चोळून झालेलं असतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

आजोबांच्या तैलचित्रावर धूळ बसली आहे. ओल्या फडक्यानं पुसू का? कोणी कापलेला बटाटा फिरवायला सांगतं, कोणी अळशीचं तेल.

यातलं काहीच करू नका. पाणी भेगांमधून आतल्या अस्तरापर्यंत जातं, अस्तर फुगतं आणि वरचा रंग सुटतो. बटाट्याचा स्टार्च भेगांत राहतो, तो बुरशीचं आणि कसरीचं खाद्य. अळशीच्या तेलानं चित्र थोडे दिवस तजेलदार दिसतं, मग तेच तेल वाळून काळपट होतं आणि खालची धूळ कायमची कोंडून टाकतं. खोबरेल वाळतच नाही, चिकट राहून आणखी धूळ ओढतं.

आधी टॉर्च बाजूनं तिरपा धरून पाहा. रंगाची एकही कड उचललेली दिसली तर हात लावू नका. पृष्ठभाग घट्ट असेल तर चित्र किंचित पुढे झुकवून धरा आणि मऊ केसांचा कोरडा, रुंद ब्रश वरून खाली हलकेच फिरवा.

पूर्वजांच्या चित्राला रोज हार घालतो. चालेल का?

फुलांचा ओलावा आणि निरांजनाची काजळी, दोन्ही वाईट. चित्राचा फोटो काढून फ्रेम करा आणि हार त्या फोटोला घाला.

चित्रावर दिवा लावायचा आहे. कोणता लावू?

एलईडी, आणि तोही चौकटीला न चिकटवता लांबून. तैलचित्राला 150 ते 200 लक्स (प्रकाश मोजायचं एकक) पुरतो, जलरंगाला आणि छापील कागदाला 50 च्या वर नको. उडालेला रंग अंधारात ठेवल्यानं परत येत नाही.

रत्नागिरीला घर आहे. कॅनव्हासवर पांढरे ठिपके आले. उन्हात ठेवलं तर बुरशी मरेल ना?

ऊन देऊ नका. ओला कॅनव्हास झपाट्यानं वाळला की आकसतो, ठिसूळ रंगाला ते झेपत नाही आणि तो तडकतो.

चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा. सावलीच्या, हवेशीर खोलीत भिंतीपासून दूर ठेवा. पंखा असू दे, पण झोत थेट चित्रावर नको. ठिपके पूर्ण कोरडे, भुकटीसारखे झाल्यावर, रंग घट्ट असल्याची खात्री करून, तोंडाला मास्क लावून ते घराबाहेर मऊ ब्रशनं झटका. तो ब्रश दुसऱ्या चित्राला वापरू नका. डेटॉल, स्पिरिट लावू नका. डांबरगोळ्यांनी बुरशी आटोक्यात येत नाही. ठिपक्याखाली डाग उरला तर तो रंगात उतरलेला आहे, पुढचं काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या कलाकृती शास्त्रीय पद्धतीनं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं.

हवेतली सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरून चित्र काढून आतल्या भिंतीवर लावा. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. एसी दिवसा चालू, रात्री बंद असा प्रकार मात्र टाळा. आर्द्रता सतत वरखाली होणं चित्राला फार जाचतं.

रंगाचे पोपडे तीन वर्षांपासून सुटत आहेत. मुलाचं लग्न झालं की दुरुस्तीला देऊ, तोवर फेविकॉलनं चिकटवू का?

तीन वर्षं फार झाली. आजच चित्र भिंतीवरून उतरवा आणि रंगाची बाजू वर करून सपाट ठेवा. वरून कापड पसरू नका, धागे कडांत अडकतात. मोठ्या खोक्यात ठेवून झाकण लावा. पडलेले कण कागदाच्या पुडीत घाला आणि कोणत्या भागातले ते पुडीवर लिहा. संवर्धक ते परत बसवू शकतो.

फेविकॉल वाळून कडक होतो आणि रंगाला धक्का न लावता पुढे काढता येत नाही. सेलोटेपही नको. मागच्या लाकडी पाचरी ठोकून कॅनव्हास ताणायला जाऊ नका, एका ठोक्यात उरलेले पोपडे खाली येतील. आणि लग्नाची वाट पाहू नका.

पणजोबांचं तैलचित्र पिवळं, काळपट झालं आहे. फ्रेमवाला म्हणतो, ‘दोन दिवसांत नवं करून देतो’. देऊ का?

देऊ नका. हा प्रश्न जरा विस्तारानं घेतो, कारण ओल आणि वाळवी मिळून करत नाहीत इतकं नुकसान या ‘नव्या’ करण्यानं होतं.

पिवळेपणा बहुधा रंगाचा नसतो. रंगावर डामर किंवा मॅस्टिकसारख्या राळेचं व्हार्निश असतं, ते काही दशकांत पिवळं पडतं. त्याच्यावर धूर आणि धुळीचा वेगळा थर. दोन्ही काढता येतात, पण वेगवेगळ्या द्रावणांनी. जुनं व्हार्निश विरघळवायला अधिक तीव्र द्रावक लागतो आणि तो रंगालाही धरू शकतो. गडद तपकिरी, काळ्या छटा आणि चेहऱ्यावरच्या सावल्यांचे पातळ थर सर्वांत आधी जातात. म्हणून संवर्धक कडेला काही मिलिमीटरच्या जागेवर कापसाच्या छोट्या बोळ्यानं चाचणी घेतो. बोळा पिवळा झाला तर व्हार्निश निघतंय, त्यावर चित्रातला रंग दिसला तर तिथंच थांबायचं. हे काम तळहाताएवढ्या भागाला कधीकधी अख्खा दिवस घेतं. दोन दिवसांत होतं ते सोड्यानं, साबणानं किंवा थिनरनं.

त्या धुण्यात सावल्या निघून जातात, मग त्या झाकायला वरून नवा तैलरंग. खरवडलेल्या जागेपुरता नाही, सगळ्या चेहऱ्यावर. हा रंग काही वर्षांत काळवंडतो. पुसट सहीही ‘ठळक’ करून देतात, म्हणजे चित्रकार ओळखायचा पुरावाच संपला. शेवटी फर्निचरचं पॉलियुरेथेन फासतात. गिऱ्हाईक चकाकीला भुलतं, पण तो थर रंग न दुखावता निघणं जवळपास अशक्य असतं. कॅनव्हास सपाट करायला मागून गरम इस्त्री फिरवली तर रंगाचे उंचवटेही दबतात.

नीट काम असं चालतं: आधी सरळ, तिरप्या आणि अतिनील प्रकाशात फोटो. अतिनील प्रकाशात जुनी राळ हिरवट चमकते आणि नंतरची रंगरंगोटी गडद डागांसारखी दिसते. मग चाचण्या, सफाई, त्यावर मूळ रंग आणि नवी दुरुस्ती वेगळी ठेवणारा व्हार्निशचा थर, आणि रंग गेला असेल तेवढ्याच जागी पुढे काढता येईल असा रंग. कामाला देण्याआधी लेखी स्थिती-अहवाल, साहित्याची यादी आणि आधीचे-नंतरचे फोटो मागा. जो हे द्यायला कचरतो, त्याच्याकडून चित्र परत घ्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथं विचारणा करा.

लक्ष्मीचं रविवर्मा प्रेसचं चित्र आहे, एका कोपऱ्यात काचेला चिकटलंय. अस्सल आहे का आणि किंमत किती?

किंमत इथं सांगत नाही. ही प्रेस 1894 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. तिथल्या दगडी छपाईचे (लिथोग्राफीचे) ठिपके दहापट भिंगाखाली लहानमोठे, अनियमित दिसतात. ठिपक्यांची एकसारखी जाळी, फुलासारखी नक्षी दिसली तर ती नंतरची ऑफसेट नक्कल. पुढचा निर्णय जाणकाराला प्रत्यक्ष दाखवूनच.

काच ओढू नका, पातं घालू नका. काचेसकट, काच खाली ठेवून आडवं न्या. पुन्हा फ्रेम करताना कागद आणि काच यांत 3 ते 5 मिलिमीटर अंतर ठेवायला सांगा. मागे प्लाय किंवा हार्डबोर्ड नको, आम्लमुक्त बोर्ड हवा. लॅमिनेशन आणि प्लायवर चिकटवणं याला ठाम नकार द्या.

घरातलं सव्वाशे वर्षांचं चित्र मुलीकडे अमेरिकेला पाठवता येईल का?

नाही. 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे अर्ज करा. चित्र पुरावशेष (कायद्यानं संरक्षित जुनी वस्तू) नसल्याचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पॅकिंगही करू नका.