देव नसताना आधार कुठून आणायचा?

प्रश्न : ताई, माझं वय एक्केचाळीस. श्रद्धाळू घरात वाढले, पण गेल्या काही वर्षांत देवावरचा विश्वास हळूहळू उडाला. कुणाशी भांडण नाही, राग नाही. प्रार्थना करताना ‘हे कुणी ऐकत नाहीये’ असं वाटायला लागलं आणि ते वाटणं गेलंच नाही. मागच्या वर्षी वडील वारले. भावाला ‘बाबा देवाजवळ आहेत’ या एका वाक्याचा आधार आहे, तो सावरला. माझं रडू अजून थांबत नाही. श्रद्धाळू माणसं जास्त सुखी असतात, जास्त जगतात, असंही वाचलं. नास्तिक होऊन मी स्वतःचंच नुकसान करून घेतलं का? पुन्हा मागे फिरावं का?

उत्तर : थोडं नुकसान झालंय, हो. ते नाकारून मी तुमची खोटी समजूत काढणार नाही. मी स्वतः कॉलेजच्या वयापासून नास्तिक आहे आणि माझी सगळी नोकरी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून झाली. श्रद्धा माणसाला काय देते, ते मी खाटेशेजारी उभी राहून पाहिलंय.

रात्री अडीच-तीनची वेळ सगळ्यात वाईट. आधीच्या औषधाचा असर उतरलेला असतो, पुढच्या डोसला अवकाश असतो. अशा वेळी प्रार्थना करणारे पेशंट मी पाहत आले. ओठ हलतायत, आवाज नाही. अंगठा बोटाच्या एकेका पेरावरून पुढे सरकतोय. थोड्या वेळानं श्वास त्या लयीत येतो, चढलेले खांदे खाली येतात, खाटेचा कठडा आवळून धरलेली मूठ सुटते. दुखणं असतंच, पण माणूस त्या दुखण्यात एकटा नसतो. शेजारच्याच खाटेवर माझ्यासारखं न मानणारं कुणी छताकडे बघत जागं असायचं. त्यांच्याजवळ मी बसायचे, हात हातात घ्यायचे. पण दुसरीकडून हाक आली की मला उठावं लागायचं. देवाला उठावं लागत नाही. या फरकावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि प्रामाणिक नास्तिकानं तो मान्य करावा असं मला मनापासून वाटतं.

आता जास्त जगण्याविषयी. तुमच्या वाचनात आला तो बहुधा अमेरिकेतल्या नर्सेसवरचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असावा. सुमारे ७४,५०० बायकांचा त्यांनी १६ वर्षं मागोवा घेतला. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा सामूहिक उपासनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. आकडा लहान नाही. पण मोजलं काय, ते बघा. उपासनेला जाणं मोजलं. मनात विश्वास किती, हे त्या आकड्यात नाही. शिवाय या फरकाचा काही भाग कुठून आला हेही त्यांनी तपासलं, तेव्हा सिगारेट कमी, नैराश्य कमी, सोबतीला माणसं जास्त, अशी कारणं सापडली. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१० साली आणखी नेमकी गोष्ट दाखवली होती. नियमित उपासनेला जाणारे जास्त समाधानी असतात, पण तिथे ज्यांची जिवाभावाची मैत्री जुळलेली असते, तेच. येऊन बसणारे आणि कुणाशी न बोलता परत जाणारे, त्यांच्या वाट्याला ते समाधान येत नाही.

तेव्हा तुमच्या हातून जे निसटलं, त्यात मोठा वाटा माणसांचा आहे. श्रद्धाळू माणसाला ठरलेली वेळ, ठरलेले शब्द आणि दुःखात न बोलावता येणारी चार माणसं आयती मिळतात. आपल्याला ते सगळं स्वतः जमवावं लागतं, आणि बहुतेक नास्तिक ते जमवतच नाहीत. वादात आम्ही तयार असतो. घरातलं कुणी गेलं की पुढचे महिने कसे काढायचे, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. ही उणीव जाणवली म्हणूनच जानेवारी २०१३ मध्ये लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी ‘संडे असेंब्ली’ सुरू केली. देवाचं नाव नाही, पण लोक जमतात, एकत्र गातात, एखादं भाषण ऐकतात, गप्पा मारतात. शिवाय आजूबाजूला बहुतेक लोक मानणारे असतील, तर वेगळं पडण्याचा त्रास निराळाच. गोपाळ गणेश आगरकरांची तर त्यांच्या हयातीतच विरोधकांनी प्रेतयात्रा काढली होती. गोष्ट त्या टोकाला गेली नाही तरी स्वतःच्याच घरात सांभाळून बोलावं लागणं माणसाला झिजवतं.

तरीही, मागे फिरा असं मी म्हणणार नाही. श्रद्धेची दुसरी बाजूही मी त्याच वॉर्डात पाहिली. एक बाई होत्या. ओळख पटेल असं काही सांगत नाही. तरुणपणी हातून घडलेल्या एका गोष्टीची शिक्षा म्हणून हा आजार आला, अशी त्यांची पक्की समजूत. मॉर्फिन घ्यायच्या नाहीत. सोसलं की हिशेब फिटेल, म्हणायच्या. मी औषध ओठाशी नेलं की मान फिरवायच्या. उशीचा अभ्रा घामानं भिजलेला असायचा. डॉक्टर थकले, मुली रडल्या. शेवटी त्यांच्याच धर्मातले एक वडीलधारे उपदेशक येऊन बसले आणि ‘देव असलं काही मागत नाही’ म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी औषध घेतलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या सुमारे ६०० रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेऊन २००१ साली निष्कर्ष मांडले. देवानं आपल्याला टाकलं, देव शिक्षा करतोय, असं मानणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका जास्त दिसला. देव जवळचा वाटला तर तारतो, न्यायाधीश वाटला तर त्याच खाटेवर माणसाला जाळतो.

न मानणाऱ्यांना या जाचातून सुटका असते, आणि हे सुख लहान समजू नका. एका निवृत्त गृहस्थांनी रिपोर्ट हातात आल्याआल्या विचारलं, ‘किती वेळ आहे?’ उत्तर ऐकून गप्प झाले, मग माझ्याकडून पेन मागून घेतलं. केसपेपरच्या मागे भावंडांची नावं लिहिली, कुणाला काय सांगायचं ते लिहिलं, आणि व्हेंटिलेटर नको हे डॉक्टरांना लेखी दिलं. ‘माझ्याच नशिबी का?’ हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. पेशीत बिघाड झाला, तो वाढला, एवढंच. तुमचे बाबाही कुणाच्या मर्जीनं, कुणाच्या रागापायी किंवा कुणाच्या प्रार्थनेत कमी पडल्यामुळे गेले नाहीत. तुम्हाला कुणाला माफ करायचं नाही आणि कुणाची माफीही मागायची नाही. रडणं मात्र उरतं. एक वर्ष त्याला फार नाही. झोप, खाणं, रोजचं काम यातलं काही पार कोलमडलं असेल, तर समुपदेशकाकडे जरूर जा.

शिवाय फायद्यासाठी विश्वास ठेवता येतो का? फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कलनं सतराव्या शतकात मांडलं होतं की देव मानण्याचा डाव खेळण्यातच शहाणपण आहे. पण ‘मला विश्वास ठेवताच येत नाही’ म्हणणारा माणूसही त्यानं गृहीत धरला होता. त्याला सल्ला असा, की श्रद्धाळूंसारखं वागत राहा, सवयीनं श्रद्धा येईल. काहींना येतही असेल. तुम्हाला ऐकणारं कुणी नाही असं वाटत असताना रोज हात जोडून बसलात, तर जाच तेवढा पदरी पडेल. मृत्यूच्या भीतीवरच्या काही अभ्यासांत पक्के श्रद्धाळू आणि पक्के नास्तिक दोघेही कमी घाबरलेले दिसले; भीती जास्त होती ती अधल्यामधल्या लोकांना.

भावाकडे जा. तो प्रार्थनेला बसेल तेव्हा शेजारी बसा. गप्प बसायला विश्वास लागत नाही. त्याचं ‘देवाजवळ आहेत’ हे वाक्य दुरुस्त करू नका, आणि ‘माझ्याकडून ते वदवून घेऊ नकोस’, असं त्यालाही सांगा. नंतर दोघांनी बाबांविषयी बोला: त्यांची चिडण्याची तऱ्हा, त्यांचं अक्षर, शेवटचे दिवस. आठवड्यातली एक वेळ यासाठी पक्की धरा, सुचेल तेव्हा करू म्हणाल तर होणार नाही. आणि रात्री तीनला फोन केला तर उचलेल, अशा एका माणसाला आजच विचारून ठेवा. विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा.

प्रश्न : माझा मुलगा नास्तिक आहे. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. मी त्याच्यासाठी प्रार्थना करते, तर तो ‘माझ्यासाठी नको’ म्हणतो. माझ्या प्रार्थनेनं त्याचं काही वाईट होणार आहे का?

उत्तर : तुम्ही मनात केलेल्या प्रार्थनेनं त्याचं काहीच बिघडत नाही. २००६ साली अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेनं गुंतागुंत कमी झाली नाही. मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालली आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना ऑपरेशननंतर त्रास झाला. प्रार्थना होत असूनही ज्यांना तशी खात्री दिली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्के होतं. असं का झालं याचं पक्कं उत्तर नाही. माझा अंदाज, माणसावर दडपण येत असावं.

प्रार्थना करा, ती तुमच्या जिवाला हवी आहे. फक्त ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याला ती ऐकवू नका आणि ‘आता तरी मान’ असं तर चुकूनही म्हणू नका. त्याला काय हवंय ते विचारा. रक्तगटाचा कागद, चालू गोळ्यांची यादी, शुद्धीवर येताना आईचा ओळखीचा आवाज, यातलं काहीतरी तो नक्की सांगेल.