गुपित ठेवायचं की पोलिसांना कळवायचं?

प्रश्न : मी शाळेत समुपदेशक आहे. आठवीतल्या मुलीने नातेवाइकाकडून होणारा लैंगिक अत्याचार सांगितला, पण ‘कुणाला सांगू नका’ म्हणते. मुख्याध्यापक म्हणतात, आधी आपण चौकशी करू. काय करावं?

उत्तर : चौकशीत वेळ घालवू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार नुसती शंका असली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे.

तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याने तिला त्रास होतो आणि जबाबात फरक पडतो. कळवण्याआधी तिला विश्वासात घ्या : जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी घेतील, तेही गणवेशाविना. अशी गोष्ट गुपित ठेवता येत नाही, ही गोपनीयतेची मर्यादा खरं तर पहिल्याच भेटीत सांगायला हवी.